परभणीतील जुन्या ध्वनिमुद्रिका : ऐकण्याच्या आणि जतनाच्या नोंदी

9 फेब्रुवारी 2025

परभणी, सेलू, जिंतूर आणि अंबाजोगाई येथील काही घरांतून मिळालेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका स्वच्छ करणे, लक्षपूर्वक ऐकणे, त्यांची वर्णनात्मक सूची करणे आणि त्यांचे डिजिटल रूपांतर करून ठेवणे, हे काम आजपासून रीतसर सुरू केले आहे. बहुतेक तबकड्या दहा इंची आणि मिनिटाला 78 फेऱ्यांच्या आहेत. थोड्या बारा इंची आहेत, आणि त्यांच्या खाली सात इंची ईपी व काही एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या, अधिक वेळ चालणाऱ्या व्हिनाइलच्या तबकड्या, सापडल्या. त्यांत नाट्यपदे आहेत, ख्याल-ठुमऱ्या आहेत, भावगीते आहेत, कव्वाल्या आहेत आणि निव्वळ वाद्यवादनही आहे. नामवंतांच्या गाजलेल्या मुद्रिका अन्यत्र उपलब्ध आहेत, म्हणून ज्या आता सहसा कोणी लावत नाही अशा मुद्रिकांना अधिक वेळ द्यायचा, असे आम्ही ठरवले.

एक नियम पहिल्याच दिवशी करून टाकला. घरातला चावीचा फोनो कितीही सुस्थितीत असला, तरी त्यावर एकही मुद्रिका लावायची नाही. त्या फोनोच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या वर असतो आणि त्याची पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलावी अशी अपेक्षा असे. घरोघरी एकच पिन आठवडाभर चालवली गेली, आणि त्याची खूण म्हणजे तबकडीवरचा करडा पडलेला पट्टा. आमच्या यंत्रावरची सुई चार ग्रॅमच्या आसपास भार देते. एलपीची सुई येथे चालत नाही, कारण 78 च्या खाचेला सुमारे 75 मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची 25 मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन साचलेली धूळच वाचत राहते.

16 फेब्रुवारी 2025

धुण्याचे काम. 78 च्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख, खनिजांची बारीक पूड आणि काजळी यांचे मिश्रण तापवून दाबले की ही काळी, जड आणि ठिसूळ तबकडी तयार होते. छोटा नागपूरच्या जंगलातील किड्यांनी झाडांच्या फांद्यांवर तयार केलेली ही लाख एकेकाळी जहाजांनी परदेशी जाई आणि मुद्रिका होऊन परत येई. हैदराबादच्या लाड बाजारातील बांगड्याही त्याच लाखेच्या. दुसऱ्या महायुद्धात लाखेची इतकी टंचाई झाली की 1942 मध्ये अमेरिकेत मुद्रिकांसाठी तिच्या वापरावर कडक निर्बंध घालावे लागले आणि जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा वितळवाव्या लागल्या. जगातल्या कितीतरी मुद्रिका अशाच नाहीशा झाल्या असतील, या विचाराने हातातली प्रत्येक तबकडी अधिक जपून धरावीशी वाटते.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून या तबकड्यांना स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोल लावायचे नाही, अशी मोठी पाटी टेबलावर लावली आहे. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यावर काम भागते. लेबलावर पाणी जाऊ द्यायचे नाही आणि तबकडी उन्हात वाळवायची नाही.

2 मार्च 2025

जिंतूरच्या खोक्यात एका तबकडीच्या कागदी पाकिटात दुकानाची पावती दुमडून ठेवलेली मिळाली. तिच्यावर महिना बहमन आणि साल 1349 फसली असे आहे, रक्कम हाली, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या, चलनात आहे. हैदराबाद संस्थानातील फसली सालात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होत असे आणि बहमन हा तिसरा महिना. त्यामुळे ही खरेदी डिसेंबर 1939 किंवा जानेवारी 1940 मधली ठरते. मुद्रिकेच्या लेबलावर प्रकाशनाचे साल छापलेले नसते, अशा वेळी ही पावती मोलाची आहे, कारण मुद्रिका त्या तारखेपूर्वी बाजारात आलेली होती एवढे तरी तिने पक्के केले.

हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया यांचे प्रमाण साधारण सातास सहा होते. मुंबईत जी तबकडी कलदार रुपयांत मिळे तीच जिंतूरला हाली रुपयांत घेताना आकडा मोठा दिसे, शिवाय वाहतूक वेगळी. असे असूनही एका तालुक्याच्या गावी लोक मुद्रिका विकत घेत होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाकिटांवरचे शिक्केही मोजून घेतले. दुकानांचे शिक्के दोन दिशांचे आहेत, काही मुंबईचे आणि काही हैदराबाद-सिकंदराबादचे. याचे कारण नकाशात आहे. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादेस जाणारा निजामाच्या काळातील लोहमार्ग 1900 च्या सुमारास पूर्ण झाला, आणि परभणी त्याच्या जवळजवळ मध्यावर पडते. एकाच खोक्यात मराठी नाट्यपदाच्या शेजारी उर्दू कव्वाली का असते, याचा विचार करताना सांस्कृतिक समन्वयासारख्या मोठ्या शब्दांच्या आधी हा लोहमार्ग डोळ्यांसमोर आणावा, असे माझे मत आहे.

11 मार्च 2025

आज दिवसभर गतीचा प्रश्न हाताळला, आणि माझ्या मते या साऱ्या कामाचा कणा तोच आहे. खरखर थोडी राहिली तरी गाणे ऐकता येते. गती चुकली तर गाणाऱ्याचा आवाजच दुसऱ्या कोणाचा होतो. गतीत सुमारे सहा टक्के फरक पडला की सूर पेटीच्या एका पट्टीने सरकतो. 78 ऐवजी 73.6 फेऱ्यांनी लावले तर काळी एकमधला गायक पांढरी एकमध्ये उतरतो, त्याच्या ताना सुस्तावतात, आणि आपण मात्र जुन्या गवयांची लय संथ होती असा निष्कर्ष काढून बसतो.

चाती, म्हणजे तबकडी जिच्यावर ठेवतात ती थाळी, नेमक्या गतीने फिरते की नाही, हे पाहण्यासाठी रेघांची चकती वापरतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्या उजेडात 77 रेघांची चकती स्थिर दिसली की चाती मिनिटाला 77.92 फेऱ्या घेत आहे असे समजायचे. एलपीसाठी 180 रेघांची चकती 33⅓ फेऱ्यांना स्थिर दिसते. अलीकडच्या चांगल्या एलईडी दिव्याखाली ही पद्धत उपयोगाची नाही, कारण तो दिवा तसा लुकलुकतच नाही, म्हणून अडगळीतली जुनी ट्यूबलाइटची पट्टी झटकून टेबलावर बसवून घेतली. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम चालू ठेवण्याची सूचना आली होती, ती मान्य केली नाही. इन्व्हर्टरच्या विजेची वारंवारिता नेमकी 50 राहील याचा भरवसा नसतो आणि मग रेघा स्थिर दिसूनही गती चुकीची असू शकते. भारनियमनाच्या वेळात लेबले वाचावीत आणि सूची लिहावी.

एवढे करूनही प्रश्न सुटतोच असे नाही. 1925 मध्ये मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच्या, भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्या मुद्रिका नेमक्या 78 फेऱ्यांवर कोरलेल्या असतीलच असे नाही. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत त्या सापडतात. अंबाजोगाईच्या खोक्यात अशी एक नाट्यपदाची तबकडी आहे, जिचे लेबल इतके घासले गेले आहे की गायकाचे नाव वाचता येत नाही. 78 वर लावल्यास तिच्यातली पेटी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये पडते. पेटीला दोन पट्ट्यांच्या मधला सूर काढता येत नाही, म्हणून गती 75.8 वर आणली, तेव्हा ती काळी एकवर येऊन बसली. जुन्या पेट्यांची जुळणी सगळीकडे एकसारखी नव्हती, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही. पण त्याच खोक्यातील त्याच लेबलाच्या आणखी दोन तबकड्या तेवढ्याच गतीला पट्टीवर येतात, आणि गायकाचे स्वर, विशेषतः लांबवलेला ‘आ’कार, तेथे माणसाच्या गळ्यातला वाटतो. सूचीत 75.8 ही गती कारणांसह लिहिली आहे. मूळ फाइल मात्र 78 वरचीच ठेवली, म्हणजे पुढे कोणाला अधिक चांगला पुरावा मिळाला तर त्याला बदल करता येईल.

23 मार्च 2025

काही जुन्या मुद्रिकांच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचे नाव सांगतात, आणि आज ऐकणाऱ्याला ते गमतीचे वाटते. त्यामागे कारखान्याची गरज होती. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात भारतातील पहिली मोठी ध्वनिमुद्रणे केली, त्यांत गायिका गौहर जान होत्या. त्या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे दाबल्या जात. तिथल्या कामगाराला कोणते लेबल कोणत्या तबकडीवर लावायचे हे कळावे, म्हणून नाव मुद्रणातच घातले जाई. 1908 मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि 1928 मध्ये डमडमचा मोठा कारखाना सुरू झाला. कारण संपल्यावर ही चालही हळूहळू मागे पडली.

वरील निनावी नाट्यपदाच्या शेवटी नाव असते, तर आमचे काम सोपे झाले असते. शेवटच्या खाचा तपासल्या, त्या झिजलेल्या आहेत, आणि पद संपताच सुई थेट मधल्या गुळगुळीत भागात जाते.

6 एप्रिल 2025

गेले काही दिवस एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन ऐकत आहे, ती म्हणजे तीन मिनिटांत राग कसा मांडला जातो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावतात, बारा इंचीवर चारपेक्षा थोडी अधिक. मैफलीत तासभर गाणाऱ्या गवयांना या मापात बसवले, म्हणून या मुद्रिका म्हणजे त्यांच्या गाण्याचे तुकडे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. खोक्यातल्या मुद्रिका ओळीने ऐकल्यावर मला हे मत मान्य करता येत नाही.

अब्दुल करीम खाँ यांच्या ओडियन लेबलवरच्या, मृत्यूच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतल्या मुद्रिका घ्याव्यात. (27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगापेरुमलकोईल स्थानकावर त्यांचे निधन झाले.) झिंझोटीतील त्यांची ठुमरी सेलूच्या खोक्यात आहे आणि बरीच झिजलेली आहे, तरीही ती ऐकताना घाई कुठेही जाणवत नाही. पहिला सूर ते असा लावतात की वेळेची अडचण आहे असे ऐकणाऱ्याला वाटतच नाही. विस्तार मोजका आहे, पण प्रत्येक वाक्य पूर्ण म्हटलेले आहे, आणि शेवटचा सूर संपतो तिथे गाणेही संपलेले असते. कंपनीने कापल्याची जाणीव होत नाही. काय सोडायचे हे गाण्यापूर्वी ठरवलेले असल्याशिवाय असे जमत नाही. मैफलीत गवई श्रोत्यांकडे पाहून पुढचा विचार करू शकतो, येथे विचार आधीच पूर्ण झालेला लागतो, आणि म्हणून ही वेगळी कला आहे असे मी समजतो.

इतर गायकांनी वेगवेगळे मार्ग काढलेले दिसतात. कोणी एका बाजूवर विलंबित आणि दुसऱ्या बाजूवर त्याच रागातली द्रुत चीज घेतली, कोणी विलंबिताला पूर्ण फाटा देऊन मध्य लयीत सुरुवात केली, कोणी ताना आरंभीच पेरल्या. केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत समाविष्ट झाली. ज्यांनी ती निवड केली, त्यांना ते गाणे अपुरे वाटले नसावे.

या संदर्भात तबकडीचे एक यांत्रिक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे, ज्याबद्दल गाण्याची चर्चा करणारे सहसा बोलत नाहीत. तबकडी एकाच गतीने फिरते, पण खाच आत आत जाते तसा तिचा घेर लहान होत जातो. दहा इंची तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर खाच सरकते, तर शेवटी लेबलाजवळ चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरावा लागतो, बारकावे दबतात आणि झीजही तिथेच अधिक त्रास देते. आपल्या गाण्याची रीत मात्र अशी की सगळ्यांत जलद ताना आणि सगळ्यांत वरचे सूर शेवटी यावेत. परिणाम असा की गवयाने ज्यासाठी दमसास राखून ठेवला तो भाग तबकडीच्या सर्वांत वाईट जागेत पडला. अनेक मुद्रिकांत शेवटच्या अर्ध्या मिनिटात तानेचे दाणे एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात आणि तरुण श्रोते ती गायकाची अस्पष्टता समजतात. आज दोन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या एकाच मुद्रिकेच्या प्रती लागोपाठ लावून पाहिल्या. कमी झिजलेल्या प्रतीत तीच तान लखलखीत आणि मोकळी आहे. यापुढे सूचीत प्रत्येक बाजूच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाची स्थिती वेगळी नोंदवायची.

19 एप्रिल 2025

ऊन वाढले आहे. एलपी आडव्या थप्पीतून काढून उभ्या लावल्या आणि पत्र्याच्या खोलीतून माळवदाच्या जुन्या खोलीत हलवल्या, कारण व्हिनाइल उष्णतेने वाकते आणि एकदा पडलेला बाक पूर्ण निघत नाही. धुणे आणि वाजवणे सकाळी दहाच्या आत उरकायचे.

4 मे 2025

अंबाजोगाईच्या ज्या आजींनी त्यांच्या सासऱ्यांचे खोके आम्हाला दिले, त्या आज स्वतः ऐकायला आल्या. 1931 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संत कान्होपात्रा’ या नाटकातील बालगंधर्वांच्या मुद्रिका त्यांच्या खोक्यात आहेत. मास्टर कृष्णरावांच्या चाली असलेली ती पदे आणि अभंग महाराष्ट्रभर घरोघरी पोचले. या मुद्रिकांची झीज तपासताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती : खोक्यातल्या सर्व मुद्रिकांपैकी भैरवीची बाजू सर्वांत अधिक करडी पडलेली आहे. त्याबद्दल विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, “पंचमीला, दिवाळीला बाया जमायच्या, दुसरं काही लावो न लावो, भैरवी लावल्याबिगर कोणी उठतच नव्हतं बघा.” गाण्याची सांगता भैरवीने करण्याचा मैफलीचा रिवाज फोनोसमोर बसलेल्या बायकांनीही पाळला आणि त्याचा हिशेब खाचेत राहिला. झिजेचा तक्ता करावा, ही कल्पना त्यांच्या या वाक्यामुळे सुचली. कोणती बाजू घरात किती वेळा लागली असेल, हे कोणत्याही विक्रीच्या आकड्यापेक्षा त्यातून चांगले कळेल.

त्याच खोक्यात सुंदराबाई जाधव यांची एक मुद्रिका आहे. पुण्याच्या सुंदराबाईंचे नाव आता ‘माणूस’ या 1939 च्या चित्रपटातील आईच्या भूमिकेमुळे थोडेफार घेतले जाते. त्यांच्याकडच्या गझल-ठुमरीच्या चालींवर ‘एकच प्याला’ या 1919 च्या नाटकातील काही पदे बांधली गेली, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून ती इतकी लोकप्रिय झाली की जिच्याकडून चाली आल्या तिचे गाणे मागे पडले. तिची मुद्रिका बालगंधर्वांच्या पदानंतर लगेच ऐकावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. शब्द फेकण्याची तिची रीत सरळ आणि ठसठशीत आहे, मुरकी छोटी आणि नेमकी असते, आणि आवाजात बैठकीचा मोकळेपणा आहे. आजींनी ती बाजू दोनदा लावायला सांगितली.

25 मे 2025

आजपर्यंतच्या कामातली सर्वांत दुर्मिळ मुद्रिका रहिमत खाँ यांची आहे. हद्दू खाँ यांचे हे पुत्र. ग्वाल्हेर गायकीतला विलक्षण गळा म्हणून त्यांना ‘भूगंधर्व’ म्हणत. सर्कशीचे मालक आणि स्वतः गवई असलेल्या विष्णुपंत छत्रे यांनी त्यांचा सांभाळ केला, त्यांना आपल्याबरोबर गावोगावी नेले, आणि कुरुंदवाड येथे 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गेलेल्या भास्करबुवा बखले यांचा आवाज मुद्रिकेवर उरलेला नाही, अल्लादिया खाँ यांचाही नाही, हे आठवले म्हणजे रहिमत खाँ यांची अखेरच्या काळातली ही थोडी मुद्रणे किती मोठा ठेवा आहेत हे कळते.

आमच्याकडची तबकडी ‘जमुना के तीर’ या भैरवीची आहे आणि तिला कडेपासून आत दोन बोटांएवढा तडा आहे. प्रत्येक फेरीला तडा सुईखाली येतो आणि टक्क असा आवाज होतो, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतराने एक ठोका. पहिल्यांदा ऐकताना कान त्या ठोक्यालाच ताल समजू लागतो आणि गायक लयीबाहेर चालल्याचा भास होतो. तबला भोंग्यापासून दूर असल्यामुळे इतका क्षीण आहे की तो कानाला सावरू शकत नाही. संगणकावर फक्त हे ठोके, एकेक करून, हाताने काढले. त्यांच्या मधल्या अंतरावरून तेवढ्या भागात चातीची गती स्थिर राहिल्याचीही खात्री पटली, हा तड्याचा एकमेव फायदा.

ठोके निघाल्यावर मग गाणे उलगडले. मायक्रोफोन नसलेल्या काळातले हे मुद्रण. भोंग्याला खालचे सूर आणि अगदी वरचे सूर दोन्ही फारसे पकडता येत नसत, त्यामुळे आवाज अरुंद नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. तरीही वरच्या षड्जाकडे जाताना गळा ज्या सहजतेने सुटतो, ती सहजता भोंग्याला लपवता आलेली नाही. अब्दुल करीम खाँ यांनीही हीच चीज ध्वनिमुद्रित केली आणि रहिमत खाँ यांच्या गाण्याचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, हे सर्वमान्य आहे. दोन्ही मुद्रणे लागोपाठ लावली, तेव्हा तो प्रभाव मला सुराच्या लगावात आणि पुकारीत ऐकू आला. विस्ताराची पद्धत मात्र करीम खाँ साहेबांची स्वतःची आहे. ज्याला गायकीतली परंपरा म्हणजे नक्कल नव्हे हे कानाने समजून घ्यायचे आहे, त्याने या दोन बाजू ऐकाव्यात, मग इतर वाचन करावे.

15 जून 2025

वाद्यांच्या मुद्रिका ऐकल्या. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिओनेटवर वाजवलेल्या चित्रगीतांच्या तबकड्या तीन घरांतून आल्या आहेत, म्हणजे एके काळी त्या भरपूर खपत असणार. आज त्यांचे नाव ऐकलेले लोक फार थोडे आहेत. गाण्यातला शब्द काढून घेतल्यावर चाल किती टिकते, याची ही कसोटी आहे, आणि इब्राहिम ती श्वासाच्या जोरावर पार पाडतात : मिंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे, ओठांनी इतकी सलग घेतली आहे की मूळ गायिकेची जागा ओळखू येते. पी. मधुकर यांचे पेटीवादनही मिळाले. पेटीला मिंड नाही म्हणून ती कमी प्रतीची, असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू अवश्य ऐकावी.

हैदराबादचे अझीझ अहमद खाँ वारसी यांच्या कव्वालीची सात इंची ईपी उत्तम स्थितीत आहे. अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची 1960 ची एलपीही सेलूच्या खोक्यात होती. ती दुर्मिळ नाही, पण एका बाजूवर वीस मिनिटांच्या आसपास मोकळी जागा मिळाल्यावर विलंबित ख्यालाला पहिल्यांदा श्वास घेता आला, हे तिच्यावरून स्पष्ट दिसते. त्याबरोबर तीन मिनिटांत राग पुरा करण्याची विद्या मात्र पुढच्या पिढीला शिकावी लागली नाही आणि ती गेली, याची खंत वाटते.

खरखर घालवण्याबद्दल एक निर्णय नोंदवतो. संगणकावर ती जवळजवळ पूर्ण पुसता येते. आम्ही तसे करणार नाही. खरखर पुसताना तंबोऱ्याचा झंकार, सारंगीच्या गजाचा स्पर्श आणि गायकाच्या श्वासाची चाहूल त्याच पट्ट्यात असल्यामुळे तीही जाते, आणि उरते ते मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत गाणे. 96 किलोहर्ट्झ, 24 बिटची मूळ फाइल कोणताही बदल न करता ठेवायची. ऐकण्यासाठीच्या प्रतीत फक्त मोठे ठोके काढायचे.

6 जुलै 2025

कोणती मुद्रणे लोकांना मोकळेपणी देता येतील, हे आज नक्की केले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 1964 अखेरपर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणे आज मुक्त आहेत. त्यामुळे 78 च्या जवळजवळ सर्व तबकड्यांचा मुद्रणहक्क संपलेला आहे. परंतु गीताचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते कवी-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षे चालतात. रहिमत खाँ आणि अब्दुल करीम खाँ यांच्या पारंपरिक चिजांना ही अडचण नाही, म्हणून त्या पहिल्या संचात घेतल्या.

भावगीतांचे तसे नाही. 1932 मध्ये गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांनी गायलेली ‘शीळ’ ही कविता ना. घ. देशपांडे यांची, मराठी भावगीताचा आरंभ त्या मुद्रिकेपासून मानतात, आणि कवी मेहकरचे, म्हणजे आमच्या जालना जिल्ह्याच्या शेजारचे. मुद्रण केव्हाच मुक्त झाले आहे. जोशी 1994 मध्ये गेले आणि देशपांडे 2000 मध्ये, म्हणून चालीचा हक्क 2054 अखेरपर्यंत आणि शब्दांचा 2060 अखेरपर्यंत राहतो. या मुद्रिकेची सूची, लेबलाचे वर्णन आणि झिजेची नोंद संचात द्यायची. ध्वनी मात्र वारसांची परवानगी मिळेपर्यंत द्यायचा नाही. परवानगीच्या पत्राचा मसुदा तयार केला असून त्यात गीताचा वापर कुठे, कोणासाठी आणि विनामूल्य होणार, हे स्पष्ट लिहिले आहे.